२७ गिअरांचा भ्रम

सामान लादून डोंगरात सायकल न्यायची म्हटली की दुकानदारापासून जुन्या भटक्यांपर्यंत सगळे एकच सल्ला देतात: पुढे तीन रिंगा हव्यातच. मागे नऊ चकत्या, पुढे तीन रिंगा, म्हणजे २७ गिअर. जितके गिअर जास्त, तितका चढ सोपा. पुढे एकच रिंग असलेली सायकल ही शर्यतवाल्यांची चूष, तंबू-पथारी घेऊन हिंडणाऱ्याचं ते काम नव्हे. हे मत इतकं रुळलं आहे की ते तपासून पाहावं असंही कुणाला वाटत नाही. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. कच्च्या रस्त्यावर सामानासह चालणाऱ्या सायकलला पुढे एकच रिंग पुरते. इतकंच नव्हे, तर ती नीट निवडली तर तिहेरीपेक्षा सरस ठरते.

पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडल्याशिवाय खोडणं हा अन्याय आहे, आणि या पूर्वपक्षाचं कूळ मोठं आहे. फ्रान्समधल्या सेंट-एतिएनचे पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०), ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने लिहिणारे, आयुष्यभर सांगत राहिले की घाट चढणाऱ्याला एकाहून अधिक गिअर हवेत. त्या काळी गिअर बदलणं हे कमकुवतांचं लक्षण मानलं जाई. टूर द फ्रान्सने डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारी यंत्रणा, वापरायला परवानगी दिली ती थेट १९३७ साली. गिअरांची बाजू घेणं ही एके काळी बंडखोरी होती आणि ती न्यायाची होती. आजचे तिहेरीचे समर्थक या परंपरेचे वारस आहेत. त्यांचे मुद्दे चार: तिहेरीत सर्वांत हलका गिअर अधिक हलका मिळतो, दोन गिअरांमधल्या उड्या लहान राहतात, सपाटीवर वेग घेता येतो, आणि एक भाग बिघडला तर दुसरा साथ देतो. यांतला एकही मुद्दा वरवरचा नाही. म्हणून एकेक घेऊ.

आधी २७ या आकड्याचाच हिशेब करू. जुन्या माउंटन बाइकची सर्रास आढळणारी मांडणी अशी: पुढे २२, ३२ आणि ४४ दात्यांच्या रिंगा, मागे ११, १३, १५, १७, २०, २३, २६, ३० आणि ३४ दात्यांच्या चकत्या. पुढचे दाते भागिले मागचे दाते, म्हणजे पेडल एक फेरा फिरलं की चाक किती फेरे फिरतं ते. आता ४४ ही २२ ची दुप्पट आहे, आणि मागे १३ ची दुप्पट २६, १५ ची दुप्पट ३०, १७ ची दुप्पट ३४ बसलेली आहे. म्हणजे ४४/२६ आणि २२/१३ हे दोन गिअर नव्हेतच, तो एकच गिअर दोनदा मोजलेला आहे. ४४/३० आणि २२/१५ यांचंही तेच, ४४/३४ आणि २२/१७ यांचंही तेच. ४४/१५ म्हणजे २.९३ आणि ३२/११ म्हणजे २.९१, पायाला हा फरक कळणार नाही. ३२/३४ आणि २२/२३ मध्येही जेमतेम दीड टक्का अंतर. त्यात मोठ्या रिंगवरून मागच्या मोठ्या चकतीवर आणि लहान रिंगवरून लहान चकतीवर चेन फार तिरकी चालते, म्हणून ती टोकं वापरायची नाहीत असं हेच जाणते लोक सांगतात. पुनरुक्ती आणि वर्ज्य जोड्या वगळल्या की २७ पैकी खऱ्या अर्थाने वेगळे आणि वापरण्याजोगे गिअर निम्म्याच्या आसपास उरतात. ते ओळीने वापरायचे तर पुढचा आणि मागचा शिफ्टर एकाच वेळी उलटसुलट दाबत राहावं लागतं. चढावर धाप लागलेला माणूस हे करत नाही. तो मधल्या रिंगवर राहतो, जमेनासं झालं की लहान रिंगवर येतो.

आता पहिला आणि सर्वांत वजनदार मुद्दा: हलका गिअर. तिहेरीचा सर्वांत हलका गिअर २२/३४, म्हणजे ०.६४७. एका रिंगच्या सायकलला पुढे ३० दाते आणि मागे ११ ते ४६ दात्यांची अकरा चकत्यांची कॅसेट लावली तर सर्वांत हलका गिअर ३०/४६, म्हणजे ०.६५२. फरक एक टक्काही नाही. पुढे ३० ऐवजी २८ ची रिंग लावली तर आकडा ०.६०९ वर येतो, म्हणजे तिहेरीपेक्षाही हलका. ज्या काळात मागची सर्वांत मोठी चकती ३२ किंवा ३४ दात्यांची असे, त्या काळात हलका गिअर मिळवायला पुढे लहान रिंग लावण्यावाचून मार्ग नव्हता. ती अडचण २०१२ मध्ये स्रॅम कंपनीने १० ते ४२ दात्यांची कॅसेट आणली तेव्हा सैल झाली आणि २०१६ मध्ये ५० दात्यांची चकती आली तेव्हा संपली. कारण गेलं, पण त्या कारणापोटी दिलेला सल्ला तसाच राहिला.

हा आकडा रस्त्यावर उतरवून पाहू. मनालीहून स्पितीत जाणारी वाट ग्राम्फूला लेहच्या रस्त्यापासून फुटते, चंद्रा नदीच्या काठाने छत्रू, छोटा दडा करत बाटलला पोहोचते आणि तिथून कुंझुम खिंडीवर चढते. महाराष्ट्रातून अनेक सायकलस्वार इथे जातात. रस्ता बराचसा गोट्यांचा. दुपारी बर्फ वितळलं की आडवे येणारे नाले फुगतात. खिंड साडेचार हजार मीटरच्या वर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ५७ टक्के, म्हणजे पुण्यात जो जोर सहज निघतो तो तिथे निघत नाही. समजा माणूस, सायकल आणि सामान मिळून १०० किलो, आणि समोर आठ टक्क्यांचा चढ. २९ इंची चाकाचा घेर साधारण २.३ मीटर. ३०/४६ वर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल दीड मीटर सरकते. मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग ताशी ५.४ किलोमीटर. नुसत्या चढाला सुमारे ११८ वॉट लागतात, खडीचा अडथळा धरून १४० च्या आसपास. तयारीच्या माणसाला विरळ हवेतही हे झेपू शकतं. तोच चढ ३२/३४ वर चढायचा तर त्याच फेऱ्यांना २०० वॉट लागतात, आणि तिथे बहुतेकांना खाली उतरून सायकल ढकलावी लागते.

यातून दोन गोष्टी सिद्ध होतात. पहिली: चढ सोपा करतो तो सर्वांत हलका गिअर, गिअरांची संख्या नव्हे. दुसरी: ०.६ च्या खाली जाण्यात फारसा लाभ नाही. तिथे ६० फेऱ्यांना वेग ताशी पाच किलोमीटरवर येतो. गोट्यांच्या रस्त्यावर त्याहून हळू तोल सांभाळत राहण्यापेक्षा उतरून चालणं कमी श्रमाचं. हलक्या गिअरलाही तळ आहे, आणि एक रिंग त्या तळापर्यंत पोहोचते.

दुसरा मुद्दा उड्यांचा. एकाच रिंगवर एवढा मोठा पल्ला गाठायचा तर दोन चकत्यांमधली अंतरं वाढणारच, हे ऐकायला बिनतोड वाटतं. पण तिहेरीच्या कॅसेटवरच्या उड्या मोजा: ११ वरून १३ ही १८ टक्क्यांची, १७ वरून २० हीसुद्धा १८ ची, बाकीच्या १३ ते १५ च्या. आता शिमानोच्या ११–४६ कॅसेटच्या चकत्या पाहा: ११, १३, १५, १७, १९, २१, २४, २८, ३२, ३७, ४६. १७ ते २१ दरम्यानच्या उड्या १० ते १२ टक्के, म्हणजे तिहेरीपेक्षा लहान. बाकीच्या १३ ते १८ च्या पट्ट्यात. मोठी उडी एकच, ३७ वरून ४६, ती २४ टक्क्यांची. ती पायाला जाणवते, आणि हा दोष मी लपवत नाही. पण ती चढाच्या अगदी टोकाला येते, जिथे मधला गिअर शोधायची गरज नसते. अखेरचा आधार हवा असतो, तो एकदम मिळतो. शिवाय तिहेरीत ३२ वरून २२ च्या रिंगवर उतरताना एका झटक्यात गिअर ३१ टक्क्यांनी हलका होतो. तिथे पाय हवेत गेल्यासारखे फिरतात आणि मागे चेन दोन चकत्या लहानीकडे उतरवून तोल सावरावा लागतो. त्या उडीचा उल्लेख तिहेरीची बाजू मांडताना कुणी करत नाही.

तिसरा मुद्दा वेगाचा. तो खरा आहे. तिहेरीचा सर्वांत जड गिअर ४४/११, म्हणजे ४. एका रिंगचा ३०/११, म्हणजे २.७३. मिनिटाला ९० फेऱ्यांनी पहिला ताशी ५० किलोमीटरला नेतो, दुसरा ३४ ला. वरचा पल्ला जातो, आणि तोच आपण किंमत म्हणून देतो. प्रश्न एवढाच की सामान लादलेल्या, रुंद टायरच्या सायकलवर कच्च्या रस्त्याने ताशी ३४ च्या पुढे पेडल मारायची वेळ कधी येते? उतारावर येते, आणि तिथे हात ब्रेकवर असतात. ज्या पल्ल्यात आपण कधी जातच नाही तो जपण्यासाठी अख्खी दुसरी यंत्रणा वाहून नेणं हा हिशेब मला पटत नाही. मात्र पुण्याहून गोव्यापर्यंत डांबरी महामार्गाने, पाठीवर वारा घेऊन जायचं असेल तर उत्तर बदलतं. तिथे दोन किंवा तीन रिंगा योग्यच. माझं म्हणणं कच्च्या वाटांपुरतं आहे आणि तेवढ्यापुरतं ते पक्कं आहे.

चौथा मुद्दा टिकाऊपणाचा, आणि इथे तिहेरीचे समर्थक सर्वांत निर्धास्त असतात. मागची केबल तुटली तर निदान पुढचे तीन गिअर हाताशी राहतात, हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण बिघाड कुठे होतात ते क्रमाने पाहा. चेन तुटते, मागचा डिरेलर फ्रेमला जोडणारा हँगर वाकतो, चिखल भरतो. चेन आणि हँगर दोन्ही मांडण्यांत सारखेच असतात. तीन रिंगा त्यांना वाचवत नाहीत. चिखलाची गोष्ट मात्र वेगळी, कारण पुढचा डिरेलर नेमका मागच्या चाकाच्या फवाऱ्यात बसलेला असतो. लाल मातीचा चिखल त्याच्या पिंजऱ्यात बसून वाळला की तो हलेनासा होतो. चढावर जोर देत असताना रिंग बदलली तर चेन रिंग आणि फ्रेमच्या मध्ये पडते. लहान रिंगचे दाते घासलेले असले तर ते चेनला सोडत नाहीत, तिला खालून वर ओढत नेतात आणि फ्रेमवर रुतवतात. कार्बनच्या फ्रेमला तर त्याने कायमची जखम होते. हे सगळे बिघाड फक्त बहुरिंगी सायकलचे. पुढचा डिरेलर काढला की ते कमी होतात असं नाही, ते उरतच नाहीत.

तुटलेल्या केबलला उत्तर साधं आहे: सोबत एक जादा आतली तार. तिचं वजन नगण्य, बदलायला थोडा वेळ पुरतो. तीही संपली तर डिरेलरचा मर्यादा-स्क्रू आत पिळून चेन एकदोन चकत्या वर रोखता येते आणि मुक्काम गाठता येतो.

झिजेचा आक्षेपही इथेच निकालात काढू. सगळा भार एकाच रिंगवर पडतो म्हणून ती लवकर झिजते, असं म्हणतात. रिंग अधिक वेळ वापरली जाते हे खरं. पण भार किती पडतो तेही पाहायला हवं. पेडलवर तोच जोर असताना चेनवरचा ताण रिंगच्या आकाराच्या उलट प्रमाणात बदलतो. म्हणजे त्याच चढावर, जवळपास त्याच गिअरमध्ये, २२ च्या रिंगवरची चेन ३० च्या रिंगवरच्या चेनपेक्षा ३६ टक्के अधिक ताणलेली असते. तो ताण झेलायला दातेही कमी, आणि मागे तो ३४ च्या चकतीवर पडतो, ४६ च्या नव्हे. चढावर रिंग, चेन आणि चकती यांना जपणारी मांडणी मोठ्या रिंग-चकतीचीच आहे.

चेन घसरण्याचा धाक पूर्वी खरा होता. पुढचा डिरेलर चेनला कुंपणासारखा रोखून धरतो, तो काढला की खड्ड्यांत चेन उडे. यावर दोन उपाय निघाले. चेनच्या कड्या एक आड एक अरुंद-रुंद असतात. रिंगचे दातेही एक आड एक पातळ आणि जाड केले की प्रत्येक दाता आपापल्या कडीत घट्ट बसतो. म्हणूनच अशा रिंगांचे दाते नेहमी सम असतात: २८, ३०, ३२, ३४. दुसरा उपाय मागच्या डिरेलरमधला क्लच, जो त्याच्या हाताला पुढे झेपावू देत नाही आणि चेन सैल पडत नाही. त्यात एका रिंगच्या डिरेलरला ढिली चेन आवरावी लागते ती ११ ते ४६ एवढीच, म्हणजे ३५ दात्यांची. तिहेरीत हा आकडा ४५ वर जातो. आवरायचं कमी, म्हणून आवर घट्ट.

वजनाबद्दल बोललं पाहिजे, कारण एका रिंगचे काही समर्थक त्याचाच डंका पिटतात आणि आपली बाजू कमकुवत करतात. पुढचा डिरेलर, डावा शिफ्टर, केबल आणि दोन रिंगा गेल्या की बरंच वजन उतरतं. मोठ्या कॅसेटमुळे त्यातलं काही परत येतं. निव्वळ बचत काहीशे ग्रॅमांची, म्हणजे एका छोट्या बाटलीतल्या पाण्याएवढी. तेवढ्यासाठी कुणी सायकल बदलू नये. खरा हलकेपणा देखभालीत आहे: जुळवायला एक डिरेलर, बदलायला एक केबल, चढावर विचार करायला एकच शिफ्टर. चार हजार मीटरवर, थंडीने बोटं आखडलेली असताना, या गोष्टींचं वजन ग्रॅममध्ये मोजता येत नाही.

इथवर तिहेरीचं खंडन झालं. पण त्यातून दुसरं टोक गाठणाऱ्यांशीही माझा वाद आहे. एक रिंग म्हटलं की बाजार लगेच बारा चकत्यांची, १० ते ५२ दात्यांची, बॅटरीवर चालणारी मांडणी पुढे करतो. तिला सुटसुटीत म्हणणं मला मान्य नाही. दहा दात्यांची चकती बसवायला मागच्या चाकातला, चकत्या धरणारा फ्रीहब बहुधा वेगळ्या घडणीचा लागतो. चेन इतकी पातळ आणि चकत्यांतलं अंतर इतकं कमी की हँगर किंचित वाकला तरी गिअर उड्या मारू लागतात. दहाच दाते असलेल्या चकतीवर चेन अधिक तीव्र कोनात वळते, म्हणून घर्षण आणि झीज दोन्ही वाढतात. बॅटरी संपली की चार्जिंगची सोय शोधा. शर्यतीच्या सायकलला हे सगळं शोभतं. पण जिथून पुढे दुकान नाही तिथे भागांची संख्या कमी असणं पुरेसं नाही. प्रत्येक भाग हाताने दुरुस्त होणारा आणि तालुक्याच्या गावी मिळेल त्याच्याशी जुळणारा हवा.

दुसऱ्या बाजूला काही जण गिअरच नकोत म्हणतात. कॅनडातल्या बॅन्फपासून मेक्सिकोच्या सीमेवरच्या अँटिलोप वेल्सपर्यंत, सुमारे ४,४०० किलोमीटरची टूर डिव्हाइड ही सायकलशर्यत आहे. २०१९ मध्ये तिथे महिलांत पहिली आलेली अलेक्झँडेरा हाउचिन एकच गिअर असलेल्या सायकलवर होती. यातून सर्वांनी एका गिअरवर यावं असं निघत नाही. तेवढे पाय आणि तेवढे गुडघे थोड्यांचे. निघतं ते एवढंच, की गिअरांची संख्या आणि डोंगर पार करण्याची क्षमता यांचा जो संबंध दुकानात गृहीत धरला जातो तो मुळात नाही.

मग करायचं काय? नुसत्या दोन रिंगा काढून मधली ३२ ची ठेवणं हे सर्वांत वाईट, कारण मागे ३४ ची चकती असेल तर कुंझुमसारख्या चढावर २०० वॉटचा हिशेब पुन्हा समोर उभा राहतो. सुरुवात चढापासून करावी. आपलं वजन, सामानाचं वजन आणि वाटेतला सर्वांत कठीण चढ धरून सर्वांत हलका गिअर ठरवावा. बहुतेकांना तो ०.६ ते ०.६५ च्या मध्ये सापडेल. त्यानुसार पुढे २८ किंवा ३० ची, पातळ-जाड दात्यांची रिंग. मागे दहा किंवा अकरा चकत्यांची कॅसेट, लहान चकती ११ दात्यांची, म्हणजे नेहमीच्या फ्रीहबवरच बसते. मोठी ४६ किंवा ४८ ची. मागचा डिरेलर लांब पिंजऱ्याचा (लाँग केज), क्लचचा आणि तेवढी मोठी चकती झेपणारा. शिफ्टर केबलचा.

चेनची लांबी मापताना ती डिरेलरमधून न नेता सर्वांत मोठ्या चकतीवरून आणि रिंगवरून गुंडाळावी आणि जिथे टोकं भेटतात तिथे दोन कड्या जादा धराव्यात. डिरेलरची वरची गाइड-चकती मोठ्या चकतीला घासत नाही ना, ते डिरेलरच्या मागच्या स्क्रूने जमवावं. झीज साध्या फूटपट्टीने कळते: चेनच्या बारा कड्यांच्या जोड्या बरोबर बारा इंच भरायला हव्यात. त्यात एक सोळांश इंचाची वाढ दिसली की चेन बदलावी. मग रिंग आणि कॅसेट दोन-तीन चेन झिजेपर्यंत सहज टिकतात. पिशवीत आपल्याच फ्रेमला बसणारा जादा हँगर, आतली तार, दोन क्विक-लिंक आणि चेन-टूल.

व्हेलोसिओंनी गिअर मागितले ते घाट माणसाच्या ताकदीच्या आटोक्यात यावा म्हणून. तो हेतू आज एका रिंगवर पुरा होतो. म्हणून दुकानात पाऊल टाकल्यावर ‘गिअर किती?’ हे विचारणं सोडावं आणि दोन प्रश्न विचारावेत: सर्वांत हलका गिअर किती हलका, आणि बिघडला तर तो मला रस्त्याच्या कडेला दुरुस्त करता येईल का? या दोन प्रश्नांची उत्तरं जी सायकल नीट देईल ती घ्यावी, मग तिच्यावर गिअर दहा असोत की अकरा.